बेखमीर

टॅलगाडा गावाच्या उत्तरेला नऊ मैलांवर गिलगाल नावाची वसाहत आहे. तेवीस घरं, एक सभाघर आणि नजर पोचेल तिथवर गहू. सगळ्या विमेरा मुलखात पावासाठी याच्यासारखा गहू नाही, असं सायलोवरचे, म्हणजे धान्याच्या कोठारावरचे, लोक म्हणत. जहाजं भरभरून तो परदेशी जाई. पिकवणारी मंडळी मात्र जन्मात पावाचा घास खात नसत. ती खात चपटी, कडक, तव्यावर भाजलेली भाकर. ही भाकर चावायची नसते, तिची समजूत काढायची असते. गावातले लोक या मंडळींना ‘चपटे’ म्हणत. चपट्यांना ते ठाऊक होतं, पण चिडणं म्हणजे फुगणं, आणि फुगणं त्यांना मना होतं.

हे सगळं सुरू केलं गोटफ्रीड नावाच्या एका धर्मबंधूंनी. शंभर वर्षांपूर्वी ते जर्मनीहून बोटीनं आले. बोटीवरचा बुरसटलेला पाव खाऊन त्यांची बायको गेली, आणि त्या दुःखात त्यांना साक्षात्कार झाला की खमीर म्हणजेच पाप. चिमूटभर पुरतं, दिसत नाही, आतल्या आत वाढतं आणि माणसाला फुगवतं. दुसरा एखादा असता तर पुन्हा बोटीत बसला नसता. गोटफ्रीडांनी पाव सोडला.

एकदा ‘जे फुगतं ते पाप’ असं ठरल्यावर मग कशाकशाला बंदी घालावी लागते, हे बंदी घालणाऱ्यालाच कळतं. केक गेला, बिअर गेली, आल्याचं फसफसतं सरबत गेलं. फुगलेल्या बाह्यांची झंपरं गेली. ट्रॅक्टर आला तेव्हा टायरावर तीन रविवार वाद चालला. शेवटी वसाहतीच्या थोरल्यांनी निवाडा दिला, की टायरात हवा माणूस भरतो, टायर आपणहून फुगत नाही, सबब टायर निर्दोष. पोटुशी बाई मात्र आपणहून फुगते. तिचं काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. सातवा महिना लागला की तिला सभाघरात शेवटच्या बाकावर, खांबाआड बसवत. तेवढ्यावर भागलं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी झाडणी असे. तीन थोरले हातात हंसाचं पीस घेऊन घरोघर फिरत. कोनाडे, पिठाचे डबे, पलंगाखालची अंधारी जागा, सगळीकडे पीस फिरे. पण पिसाला वास कुठला येणार? थोरल्यांची नाकं जन्मभराच्या गव्हाच्या धुळीनं बुजलेली. म्हणून त्यांच्यापुढे एक मूल चाले. त्या मुलाला ‘नाक’ म्हणत. ‘यंदा नाक कोण?’ असा प्रश्न गिलगालात अगदी गंभीरपणे विचारला जाई.

तिर्झा नोस्के सातव्या वर्षी नाक झाली. असं नाक वसाहतीत पूर्वी झालं नव्हतं. शेजारच्या घरात दूध नासायच्या आदल्या संध्याकाळी ती सांगे, ‘उद्या नासणार.’ तिचा बाप ओबेद नोस्के तीन थोरल्यांपैकी एक. पोरीचा त्याला अभिमान वाटे, पण अभिमान म्हणजे फुगणं, म्हणून तो फक्त खाकरे.

नाकाला शिक्षण द्यावं लागतं. ओबेद तिला गाडीतून टॅलगाड्याला घेऊन गेला, बेकरीच्या मागल्या दारी उभं केलं आणि म्हणाला, “घे श्वास. येतोय?”

“हो बाबा.”

“हा नरकाचा वास. विसरायचा नाही.”

तिर्झा कशाला विसरते! तिच्या मनात आलं, नरक इतका छान लागतो हे सगळ्यांनाच माहीत असणार, फक्त कुणी बोलत नसणार. बापानं विचारलं, “कसा वाटला?” तिनं नाक खाजवलं आणि म्हणाली, “घाण.” खोटं बोलताना नाक खाजवायची तिची खोड तेव्हापासूनची.

वर्षभरानं झाडणीत ती लुईझा आम्टच्या घरात शिरली. लुईझाकाकू विधवा, दोन मुलगे, दम्याचा विकार, आणि तोंड असं की कोंबडा तिच्या अंगणात आरवताना दबकत असे. तिर्झा स्वयंपाकघरात गेली, थांबली, वळली, आणि पाण्याच्या पिंपामागे बोट दाखवून आनंदानं ओरडली, “सापडलं!”

आल्याच्या सरबताची बाटली होती. छातीला बरं वाटतं म्हणून केलेलं. तिर्झाला बक्षीस म्हणून त्या दिवशी भाकरीवर मध मिळाला.

सापडलेल्या माणसापुढे दोन वाटा असत. एक धुरीची. बंद खोलीत गंधक पेटवायचा, आत पाप्याला बसवायचं, आणि बाहेर थोरल्यांनी स्तोत्र वाचायचं. स्तोत्र संपलं की दार उघडलं, माणूस शुद्ध. कुठलं स्तोत्र निघतं त्यावर सगळा खेळ. एक आहे दोन ओळींचं, ते निघालं तर माणूस नुसता शिंकून बाहेर येई. एक एकशे शहात्तर ओळींचं आहे. ते कुणी कधी काढलं नव्हतं. चपटे झाले तरी माणसंच ती.

दुसरी वाट फाटकाची. ज्याला धुरी नको त्यानं फाटकाबाहेर उभं राहायचं, आणि आत सगळ्यांनी एकेक करून त्याच्याकडे पाठ फिरवायची. आधी थोरले, मग घरचे, सगळ्यात शेवटी घरातलं धाकटं मूल. त्यानंतर तो माणूस नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडे तोंड करायचं नाही.

“मला दमा आहे,” लुईझाकाकू म्हणाली. “तुमच्या धुरीत मी शुद्ध होणार नाही, खलास होईन.”

“ती देवाची इच्छा,” ओबेद म्हणाला.

“देवाला माझी छाती ठाऊक आहे, ओबेदभाऊ. तुम्हीच त्याला विचारलेलं दिसत नाही.”

ती फाटकाबाहेर गेली. तिच्या दोन्ही मुलग्यांनी पाठ फिरवली. धाकट्याचा एक बूट सुटलेला होता. पाठ फिरवताना तो अडखळला, आणि बाहेरून ती सवयीनं ओरडली, “नाडी बांध, मेल्या!” त्यानं बांधली नाही. तिर्झा आठ वर्षांची होती. ओठाला लागलेला मध तिला अजून गोड लागत होता.

लुईझाबाई टॅलगाड्याला गेली. तिथल्या म्हाताऱ्या बेकरचे हात थरथरायला लागले होते. आधी ती त्याचं पीठ मळू लागली, मग त्याचा हिशेब, मग त्याला. तो गेला तेव्हा बेकरी तिची झाली होती.

आणि गिलगालची अंडी जात ती याच बेकरीत. विचित्र वाटेल, पण थोरल्यांचा याबाबतीतला तर्क चोख होता: अंडं बाहेर जातं, पाप आत येत नाही. प्रश्न एवढाच की जी माणूस नाही तिच्याशी व्यवहार कसा करायचा. त्यावरही तोड निघाली होती. दुकानात जायचं, पाठ करून उभं राहायचं, आणि बोलायचं ते टोपलीशी.

सतराव्या वर्षी तिर्झाकडे गुरुवारची अंडी आली. नाकाचं काम तोवर तिच्या धाकट्या बहिणीकडे, नऊ वर्षांच्या केझियाकडे गेलेलं. मोठ्या माणसाचं नाक विश्वासाचं नसतं, असा नियम होता, आणि या बाबतीत नियम बरोबरच होता.

पहिल्या गुरुवारी तिर्झा दुकानात शिरली, पाठ करून उभी राहिली आणि म्हणाली, “टोपली, सांग तिला, सहा डझन आहेत.”

मागून लुईझाबाईचा आवाज आला. “अगंबाई, कोण आलंय! काटेबुवा, ओळखलंत का? नाकाबाई आल्यात! वजन करून घ्या हो, फार मोलाचं नाक आहे. माझी दोन पोरं नेलीत त्यानं.”

दुकानातला वजनकाटा अर्थात गप्प बसला. तिर्झाही. तिच्या पाठीवर भट्टीची धग येत होती, आणि त्या धगीबरोबर तो वास. दहा वर्षांत तिनं तो मनात इतका घोळवला होता की प्रत्यक्ष आल्यावर ती निघायचंच विसरली.

तसं तीन महिने चाललं. तिर्झा अंडी देऊन लगेच निघत नसे. “टोपली, विचार तिला, अंडी मोजून झाली का?” असं दोनदा तीनदा विचारी. लुईझाबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. एके दिवशी तिनं विचारलं, “काटेबुवा, विचारा बघू हिला, आत्ता भट्टीत काय आहे?”

तिर्झानं श्वास ओढून घेतला. मग टोपलीला म्हणाली, “राय धान्याचा काळा पाव. वरच्या फळीवर. आणि खालच्या फळीवरचे पांढरे डाव्या बाजूनं लागायला लागलेत.”

लुईझाबाई धावली. डावीकडचे चार पाव लालाचे काळे व्हायच्या बेतात होते. ती परत आली तेव्हा काटेबुवांना विसरून सरळच बोलली. “काय हवंय तुला?”

आणि तिर्झानं, वळून, तिच्या तोंडाकडे बघून सांगितलं, “हे.”

लुईझाबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग आतून एक काचेची बरणी आणली. तळाला राखाडी, बुडबुड्यांचा लगदा. “हे विरजण. रोज चमचाभर पीठ, चमचाभर पाणी. उपाशी राहिलं की मरतं. चाळीस दिवस जिवंत ठेवून आण. मग वरची खोली तुझी, आणि भट्टीही शिकवीन.”

“इथेच ठेवून रोज—”

“इथे? इथे तर माझं मांजरही जिवंत ठेवील. तुझ्या बापाच्या घरात ठेव.” ती हसली. तिचे पुढचे दोन दात गिलगालच्या भाकरीनं कधीच नेले होते. “बघू दे तरी, तुझ्यात किती खमीर आहे.”

ही माया होती की सूड, यावर टॅलगाड्याच्या हॉटेलात पुढे पुष्कळ वर्षं बिअर संपली. लुईझाबाईला कुणी विचारलं की ती म्हणे, “दोन्ही. पाव का नुसत्या पिठाचा होतो?”

आता तेवीस घरांच्या वसाहतीत, थोरल्याच्या घरी, वास मारणारी बरणी लपवायची कुठे? तिर्झानं कोंबड्यांच्या खुराड्याचा विचार केला. खुराड्याच्या वासापुढे नरकाचीही डाळ शिजत नाही. शिवाय तिथे एक लठ्ठ करडी कोंबडी खुडूक बसली होती. खुडूक कोंबडीला खाली काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. अंडं असो, दगड असो, पाप असो, ती मनोभावे ऊब देते. वसाहतीत जनावरांना नावं देत नसत. तिर्झा तिला मनातल्या मनात मालकीणबाई म्हणे. बरणी मालकीणबाईंच्या पोटाशी, पेंढ्यात.

रोज सकाळी अंडी काढायच्या निमित्तानं ती जाई. मालकीणबाई टोच मारत. बरणीचं झाकण उघडलं की फस्‌ असा बारीक सुस्कारा निघे. त्या घरात मोकळा सुस्कारा टाकणारं तेवढंच होतं. पहिली झाडणी निभावली. केझिया खुराड्यापाशी आली, तीन वेळा शिंकली आणि म्हणाली, “कोंबड्याच.” तिर्झानं तिच्या वेणीची रिबन नीट केली. केझिया आपलं काम फार मनापासून करी. रात्री झोपताना ती स्वतःच्या उशीचासुद्धा वास घेई, न जाणो.

दुसरी झाडणी आली ती अडतिसाव्या दिवशी. फेब्रुवारी महिना, म्हणजे तिकडचा ऐन उन्हाळा, आठवडाभर उत्तरेचा तापलेला वारा, पत्र्यावर अंडं भाजावं असं ऊन. आंबवणाला ऊन चढलं की काय होतं ते कुठल्याही गृहिणीला विचारा. थोरले तिघे नोस्क्यांच्या अंगणात उभे होते, केझिया दारात उभी राहून “घर साफ” असं म्हणत होती, आणि खुराड्यातून मालकीणबाई बाहेर आल्या. उतू गेलेल्या विरजणानं पोट, छाती, मांड्या, सगळं माखलेलं. वाऱ्यानं ते वाळून पिसांना पापड धरला होता. त्या पाय फाकून, नवे बूट चावलेल्या बाईसारख्या चालत अंगणाच्या मधोमध आल्या, आणि अंग फुलवून बसल्या.

केझियानं हवेत नाक वर केलं. तिचा चेहरा उजळला. “सापडलं!” ती म्हणाली.

मग तिनं तिर्झाकडे पाहिलं. तो उजेड हळूहळू गेला.

आधी कोंबडीचा निकाल लागला. कोंबडी पापी आहे की पापाची बळी, यावर थोरल्यांत पाऊण तास खल झाला. एक म्हणाले, तिनं जाणूनबुजून केलं नाही. दुसरे म्हणाले, पण ती आपणहून फुगली, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. हा मुद्दा बिनतोड होता. तिची मान मुरगळली. पापाचं मांस खायचं नाही, म्हणून खड्ड्यात टाकायला ती केझियाच्या हातात दिली.

मग ओबेद बरणी घेऊन तिर्झापुढे आला. “कुणी दिलं?”

तिर्झानं नाक खाजवलं. “मीच केलं. पीठ नि पाणी ठेवलं की होतं.”

“ठीक. स्वतःच्या हातानं आगीत टाक, धुरीला बस. स्तोत्र मी लहान काढीन.” आवाज खाली आणून तो म्हणाला, “दोन ओळींचं.”

त्या माणसाकडे देण्यासारखं जे काही होतं, ते हेच. तिर्झाला ते कळलं. त्यानं एवढी मऊ गोष्ट पूर्वी कधी केली नव्हती. पण तिला हेही ठाऊक होतं, की धुरीतून बाहेर आलेल्या माणसांना पुढे कित्येक दिवस भाकर नि माती एकच लागे.

“बाबा, नाक जाईल माझं.”

“जाऊ दे! नाकानंच घात केलाय तुझा.”

“मग मी फाटकाकडे जाते.”

ओबेद खाकरला नाही. त्यानं तिच्या दोन थोबाडीत ठेवून दिल्या, मग आणखी दोन, मग कुंपणाची काठी घेतली. कणीक तिंबणं हे एरवी बायकांचं काम, पण त्या दिवशी ते त्यानं केलं, सगळ्यांच्या देखत. त्या घरात इतकी चांगली मळलेली कणीक पूर्वी झाली नव्हती. कुणी मध्ये पडलं नाही. दमल्यावर त्यानं बरणी स्वतःच आगीत फेकली. आत राहिलेलं विरजण चरचरलं, आणि घटकाभर, शंभर वर्षांत पहिल्यांदा, गिलगालात भाजल्या पावाचा वास सुटला. म्हातारे गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. एका म्हातारीच्या तोंडाला पाणी सुटलं. ती त्याबद्दल पुढे महिनाभर प्रार्थना करत होती.

तिर्झा फाटकाबाहेर उभी राहिली. ओबेदनं पाठ फिरवली. बाकीच्या थोरल्यांनी फिरवली. आईनं फिरवली, आणि फिरवल्यावर तिला काही तरी आठवलं. आता बोलायचं तर वस्तूशीच. ती समोरच्या पंपाला म्हणाली, “पंपा, तिची टोपी खुंटीवरच राहिली रे. ऊन फार आहे.” पंप काही हलला नाही, आणि दुसरं कुणीही नाही.

शेवटी केझिया. ती उशिरा, खड्ड्याकडून पळत आली. फाटकाच्या गजांना अगदी टेकून तिनं पाठ केली आणि हात मागे बांधले, प्रार्थनेला मुलं बांधतात तसे. मुठी मिटलेल्या होत्या. मग त्या उघडल्या. आत करडी पिसं होती, वाळल्या लगद्यानं एकमेकांना चिकटलेली.

तिर्झानं गजांतून हात घालून ती घेतली. बोटांना बोटं लागली. केझिया मागे वळली नाही.

नऊ मैल, डोक्यावर टोपी नाही, ओठ फुटलेला. संध्याकाळी ती बेकरीच्या मागल्या दारात पोचली, जिथे तिला नरक दाखवला होता त्याच पायरीवर.

लुईझाबाईनं तिचं तोंड पाहिलं, आणि तरी पहिला प्रश्न तोच विचारला. “बरणी?”

“जाळली.”

“मग चाळीस दिवस कुठे झाले? बोली म्हणजे बोली.”

तिर्झानं मूठ उघडली. लुईझाबाईनं एक पीस उजेडात धरलं, वरचा पापड नखानं खरवडला, जिभेवर ठेवला. 

“हे मरत नाही,” ती म्हणाली. “वाळलं तर झोपतं. कोमट पाण्यात टाक. दोन दिवस उरलेत ना तुझे? वर जा. आणि आधी तोंड धू, गिऱ्हाईक पळेल.”

चाळिसाव्या दिवशी सकाळी वाटीत एक बुडबुडा आला. मग दुसरा. तिर्झा त्याच्याजवळ बसून इतकी रडली, की लुईझाबाई खालून ओरडली, “मीठ आत्ताच नको घालूस गं त्यात!”

त्याच विरजणाचा पाव टॅलगाडा पुढे एकतीस वर्षं खात होता. लुईझाबाई गेली. तिच्या मयताला मुलगे आले नाहीत. धाकटा म्हणे गव्हाचा ट्रक घेऊन बेकरीवरून दोनदा गेला, हळू. बेकरी तिर्झाची झाली. ‘नाकाबाईचा पाव’ घ्यायला लोक तीन गावं ओलांडून येत. तिनं लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणे, “पहाटे तीनला उठणारी बाई कोण ठेवून घेईल? आणि घेतलंच, तर माझं फुगणं त्याला सोसायला नको का?”

गुरुवारची अंडी पुढे केझियाकडे आली. विशीतली होती तेव्हापासून. ती यायची, पाठ करून उभी राहायची.

“टोपली, सांग तिला, सात डझन.”

“टोपली, सांग तिला, मिळाले. बरी आहे का म्हणावं?”

“टोपली, सांग तिला, यंदा पाऊस बरा.”

एवढंच. एकदा केझिया म्हणाली, “टोपली, सांग तिला, या आठवड्यात तीनच डझन. घरी मयत होतं. बाबा होते.” तिर्झानं तीन डझन मोजून घेतले. मोजताना दोनदा चुकली.

आत काही नेणं केझियाला मना होतं. पावाचा तुकडासुद्धा नाही. पण वासाला कोण अडवणार? म्हणून गुरुवारी तिर्झा भट्टीची वेळ साधून ठेवी. केझिया यायच्या बेताला पहिला घाणा बाहेर निघे, आणि सगळ्यात गरम, सगळ्यात फुगलेला पाव ती कापून काउंटरच्या अगदी कडेला, बहिणीच्या पाठीशी ठेवी. वाफ तिच्या वेणीपर्यंत जाई. असं दर गुरुवारी, कित्येक वर्षं. तिर्झाला वाटे, एवढा तरी घेऊन जात असेल. अंगाला, केसांना लागून फाटकातून आत जात असेल, आणि थोरल्यांना कळत नसेल.

एका गुरुवारी पिठाची गाडी लवकर आली. तिर्झा मागल्या अंगणात पोती उतरवून घेत होती; वारा रस्त्याच्या दिशेनं होता. तेवढ्यात रस्त्यापलीकडचा न्हावी धावत आला, “नाकाबाई, जळतंय! वास पार माझ्या दुकानापर्यंत येतोय!”

ती पळत दुकानात शिरली. भट्टीच्या फटींतून धूर अजून डोळ्यांना दिसण्याइतका नव्हता, पण करपल्याचा वास असा, की घसा धरावा. आणि दुकानाच्या मधोमध केझिया उभी होती, काउंटरला पाठ करून, टोपली हातात, बाहेरच्या कुत्र्याची गंमत बघत.

तिर्झानं आधी भट्टी उघडली. चोवीस पाव कोळसा झाले होते. मग ती बहिणीकडे आली. “केझिया, अगं, कळलं नाही तुला?” ती सरळच बोलली. टोपली-बिपली विसरली.

केझियाची पाठ हलली नाही. ती टोपलीला म्हणाली, “टोपली, सांग तिला, नाक नाही मला.”

“कधीपासून?”

“टोपली, सांग तिला, त्याच शनिवारपासून. मला वाटलं, कोंबडीची आठवण म्हणून पिसं न्यावीत तिनं. रात्री झोपताना मी वास घेतला, रोज घेते तसा. उशी साफ होती. मग हातांचा घेतला. तिथे होता.” तिनं टोपली पोटाशी धरली. “सापडलं, म्हणून मीच ओरडले. गप्प बसले असते तर बाबांना वाटलं असतं, मी लपवलं.”

“मग दोन ओळींचं... बाबा म्हणाले होते मला, दोन ओळींचं—”

“टोपली, सांग तिला, लोक काय म्हणाले असते? थोरल्याची दुसरी मुलगी म्हणून सोडली, असं. बाबांनी एकशे शहात्तर ओळींचं काढलं. सगळं वाचलं. घसा बसला होता त्यांचा.”

बाहेर कुत्रा भुंकून गेला. तिर्झाचं लक्ष काउंटरच्या कडेकडे गेलं. आजचा पाव तिथे नव्हता, पण लाकडावर त्या जागी, वर्षानुवर्षं गरम पाव ठेवून, एक फिकट गोल उमटला होता.

केझियानं टोपली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “टोपली, विचार तिला,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज नऊ वर्षांच्या मुलीसारखा झाला, “कसा असतो गं? मला बाबांनी एकदाच दाखवला होता. आठवत नाही आता. कसा असतो तो?”

तिर्झाइतकं हे सांगू शकेल असं माणूस अख्ख्या विमेरात नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

“टोपली,” ती म्हणाली, “सांग तिला, घाण असतो. नरकासारखा. बाबा सांगायचे तसाच. काही हुकलेलं नाही तिचं.”

 केझिया पाठमोरीच म्हणाली, “टोपली, बघ बरं, ती नाक खाजवतेय का?”

तिर्झानं हात खाली घेतला. बोटांना काजळी होती, नाकावर राहिली.

“टोपली म्हणते, नाही.”

“बरं,” केझिया म्हणाली. “आठ डझन आहेत.”